रेग्युलेटर बदलण्याआधी रिटर्न लाइन बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. जुनी बलेनो सेडान, १.६ इंजिन, नंतर बसवलेला टर्बो, ०.७ बार बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब), टाकीत तासाला २५५ लिटरचा पंप, स्टँडअलोन ईसीयू (इंधन किती द्यायचं ते ठरवणारा, मॅप बदलता येणारा वेगळा कॉम्प्युटर). आयडलला रिच (पेट्रोल जास्त), चाळीसगावहून कन्नड घाट चढताना बूस्टवर लीन (पेट्रोल कमी), हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर १३.५ दाखवतोय, मॅप पुन्हा पुन्हा करूनही फरक नाही. आणि प्रश्न एवढाच की कुठला ॲडजस्टेबल फ्युएल प्रेशर रेग्युलेटर घेऊ. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. रेग्युलेटर करतो काय, ते एका ओळीत: इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधलं प्रेशर आवरतो आणि जादा पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत सोडतो.

घ्यायचाच तर मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपाची) रेफरन्स नळी लागणारा, १:१ चा घ्या, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब जितका बदलेल तितकंच रेल प्रेशर बदलेल. बेस ३ बार, ०.७ बूस्टला रेलमध्ये ३.७, आयडलच्या व्हॅक्यूमला साधारण २.४. इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक कायम ३ राहिला पाहिजे. रेफरन्स नसेल तर बूस्टमध्ये हा फरक २.३ वर येतो आणि पेट्रोल १२ टक्क्यांच्या आसपास कमी पडतं. बूस्टच्या कित्येक पट प्रेशर वाढवणारे ते रायझिंग रेटचे डबे घेऊ नका. ईसीयू मॅप करता येत नव्हता त्या काळातला तो जुगाड आहे. ६:१ वाला ०.७ बूस्टला रेलमध्ये ७ बारच्या वर मागेल. तिथे पंपाचा दम जातो आणि इंजेक्टर उघडायला कुरकुरतो.

पण माझा अंदाज असा आहे की तुमचा रेग्युलेटर बिघडलेला नाही. त्याच्या पुढची, टाकीकडे परतीची वाट अरुंद आहे.

हिशोब करून बघा. ०.७ बूस्टला तुमचं इंजिन दीडशे घोड्यांच्या आसपास जाईल. टर्बो पेट्रोलला तासाला घोड्यामागे पाव किलो इंधन धरा, म्हणजे साडेसदतीस किलो, म्हणजे ५० लिटर. ई२० साठी थोडं वाढवून ५५ म्हणा. पंप ढकलतोय अडीचशे. आयडलला इंजिन पितं तासाला जेमतेम लिटरभर, बाकी सगळं रेग्युलेटरमधून परत टाकीत जायचं, आणि तेही कंपनीच्या बारीक रिटर्न पाइपातून, जो मूळच्या छोट्या पंपासाठी बनवलेला होता. पाण्याची मोटर तीन इंची आणि पाइप एक इंची, असला प्रकार. रेग्युलेटर पूर्ण उघडूनही इंजेक्टरवरचा फरक ३ वर उतरत नाही, ४ वर अडकतो. म्हणून आयडलला रिच.

खरा घोळ यानंतर होतो. ट्यूनर आयडल आणि क्रूझ रिच दिसतं म्हणून मॅपमधलं इंधन कापतो आणि मॅपच्या जास्त बूस्टच्या खान्यांतही त्याच प्रमाणात कापत जातो, कारण भर बूस्टवर लॉगिंग करायला डायनो (गाडी जागेवरच पूर्ण ताकदीने चालवून मोजायचं यंत्र) नसतो. आता घाटात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन जास्त पितं, बूस्टमुळे रेल प्रेशर चढलं की पंपाचा प्रवाहही घटतो, रिटर्नला कमी जातं, अडथळा सैल होतो आणि फरक गुपचूप ४ वरून ३ कडे येतो. इंजेक्टरचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे ४ वरून ३ ला १३ टक्के पेट्रोल गायब. हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.८ ठरवलेलं १३.६ होतं. बरोबर जिथे नॉक (सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट) व्हायची भीती, तिथे. मॅप शंभर वेळा करा, पायाच हलतोय तर भिंत सरळ कशी येणार?

इथे थोडी भडास काढतो. एका नावाजलेल्या ट्यूनिंग शॉपने, नाव घेत नाही, याच दुखण्यावर आधी इंजेक्टर, मग लॅम्ब्डा सेन्सर, मग अजून मोठा पंप बदलायला लावला. मोठ्या पंपाने दुखणं वाढणारच होतं. एवढ्या बिलात रेलवर साधा प्रेशर गेज लावायचं कुणाला सुचलं नाही. गेजवर मार्जिन नाही, हे कारण असावं. सगळे असे नसतात, पण जो ट्यूनर पहिल्या तासात फ्युएल प्रेशर विचारत नाही, त्याच्या हाती मी तरी गाडी देणार नाही.

तर तपासणी अशी. इंजिन गार, गाडी उघड्यावर, अग्निशामक हाताशी, आसपास बिडी-सिगरेट नको. रेग्युलेटरच्या १/८ एनपीटी आट्यांच्या पोर्टवर गेज लावा, इंजिन आयडलला ठेवा. रेफरन्स नळी काढा आणि मॅनिफोल्डकडचं तोंड बंद करा. काटा अर्धा-पाऊण बार वर उडाला पाहिजे. नळी काढली काय आणि लावली काय, काटा जागचा हलत नसेल, तर रेग्युलेटर आधीच पूर्ण उघडा आहे आणि रिटर्न तुंबलाय. काढलेल्या नळीचा वास पण घ्या. पेट्रोलचा वास आला तर डायफ्रॅम फाटलाय. मग बाकी काही बघू नका, तो आधी बदला.

पुढे दोष कुणाचा ते ठरवायला इंजिन बंद करा, रिलेला जंपर देऊन (वायरीने थेट जोडून) फक्त पंप चालवा. रेग्युलेटरनंतरची रिटर्न नळी काढून तिथे जाड, आखूड नळी लावा आणि ती पत्र्याच्या कॅनमध्ये सोडा. प्रेशर लगेच ३ वर आलं तर दोष पाइपाचा. तरीही ४ च दाखवतंय तर रेग्युलेटर या पंपासाठी लहान आहे, तेव्हाच नवा घ्या. शेवटी रेफरन्स पोर्टला गेजवाल्या सायकल पंपाने ०.५ बार हवा द्या. रेल प्रेशर बरोबर अर्ध्या बारने वाढलं पाहिजे आणि हवा टिकली पाहिजे.

इलाज दोन. एक, रिटर्न ३/८ इंची, म्हणजे एएन-६, टाकीपर्यंत. टाकीच्या झाकणातला जुना निप्पलही मोठा करा, नाहीतर सगळा खर्च तिथे अडतो. रिटर्नचं तोंड टाकीत पेट्रोलच्या पातळीखाली आणि पंपाच्या जाळीपासून लांब. दोन, आणि तुमच्या गाडीला मला हेच पटतं: पंपच लहान करा. ४ बारला १२० ते १५० लिटर देणारा पंप दीडशे घोड्यांना भरपूर होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. अडीचशे लिटरची फेरी बॉनेटमधली उष्णता टाकीत आणून ओतत राहते, आणि पाव टाकीवर पंपाच्या तोंडाशी वाफ धरून प्रेशर थरथरतं. उन्हाळ्यात टाकी अर्ध्याखाली नेऊ नका.

रेफरन्स नळी प्लेनमच्या (मॅनिफोल्डच्या हवेच्या पेटीच्या) स्वतंत्र निप्पलवरून घ्या. थ्रॉटलच्या आधीच्या पाइपावरून नको, आणि वेस्टगेट किंवा ब्लो-ऑफच्या (टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) नळीत टी टाकून तर मुळीच नको. पंपाला बॅटरीपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर, रिले आणि फ्यूज द्या. फॅन-एसी चालू असताना पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॉनेटखाली प्रेशरच्या बाजूला एसएई ३०आर९ ची नळी, टाकीच्या आत बुडणारी मात्र ३०आर१०. ट्रॅक्टरच्या दुकानातली डिझेलची नळी टाकीत घातली की ती फुगून मऊ पडते. दातेरी होज क्लिप नळी कापते, इंजेक्शनचे गुळगुळीत क्लॅम्प घ्या. गेजचा पेट्रोलचा पाइप केबिनमध्ये आणू नका, ०-१० बारचा सेन्सर लावून ईसीयूत लॉग करा.

हे तुमच्यासारख्या पोर्ट इंजेक्शनच्या, रिटर्न असलेल्या गाडीसाठी. डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांनी यातलं काही करू नये. आणि आरसी-विम्याचं तुमचं तुम्ही बघा. गाडीतल्या बदलांबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यावर इथे वाद नको.

आता नळी लावून, नळी काढून आणि कॅनमध्ये सोडून, असे तीन आकडे इथे टाका. ते येईपर्यंत काही मागवू नका आणि घाटात बूस्ट मारू नका.