ओढ्यातले किडे मोजून पोट भरतं का?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली की पाटणजवळच्या ओढ्यात उतरून दगड उलटे करते, किडे-आळ्या ताटलीत घेऊन फोटो काढते, पाग टाकणाऱ्यांना माशांची नावं विचारत बसते. यातच एम.एस्सी. करणार म्हणते. मला वाटतं, बी.एड. करून शाळेत लागावी. या कामात नोकरी आहे का?
– एक पालक, जि. सातारा

उत्तर : नमस्कार. नोकरी आहे, पण ‘ओढ्यातले किडे ओळखणारा पाहिजे’ अशी जाहिरात येत नाही. काम दुसऱ्याच पाट्यांखाली चालतं, म्हणून तुम्हाला ते दिसलं नाही.

आधी मुलगी काय करते ते सांगतो. बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेपुरतं बोलतं. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळपर्यंत पुढे गेलेलं असतं. दगडाला चिकटलेलं मेफ्लायचं (पाण्यात वाढून मोठेपणी उडणाऱ्या नाजूक कीटकाचं) पिल्लू मात्र कित्येक आठवडे तिथंच राहतं. त्याच्या पोटाच्या दोन्ही कडांना पानासारखे कल्ले असतात आणि प्राणवायू घटला की बहुतेक मेफ्लाय आधी नाहीशा होतात. उलट लालभडक कायरोनॉमस आळीच्या (डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीच्या आळीच्या) रक्तात हिमोग्लोबिन असल्यानं ती गटारातही तगते. पाण्यातल्या कुळांना स्वच्छ पाण्याच्या गरजेनुसार गुण देणाऱ्या ब्रिटनच्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत हेप्टाजेनिडी या मेफ्लाय कुळाला 10 गुण आहेत, या लाल आळीच्या कायरोनॉमिडी कुळाला 2. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानंही अशा जीवांवरून पाण्याचे पाच वर्ग पाडले आहेत, स्वच्छ निळ्यापासून अतिप्रदूषित लालपर्यंत. माशांचंही तसंच. खळाळत्या पाण्यात दगडाला धरून राहणारा मळ्या जाऊन जाळ्यात नुसती चिलापीच येऊ लागली, तर ओढ्याचं काहीतरी बिघडलंय हे पागवाल्यालाही कळतं. तुमची मुलगी त्याच्याशी बोलते, हे मला तिच्या गुणपत्रिकेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आता पगाराचं. 2006च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार धरण, खाण, मोठे कारखाने अशा प्रकल्पांना आधी परिणाम-अभ्यास करावा लागतो. तो करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना परिसंस्था आणि जैवविविधतेचा तज्ज्ञ लागतो. खासगीतलं बरंचसं काम इथलंच. शिवाय पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे, बंगळुरूला ‘अत्री’ ही पर्यावरण-संशोधन संस्था आहे आणि विद्यापीठांचे संशोधन प्रकल्प असतात. मात्र तिथल्या बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. कायमच्या जागा मोजक्या, आणि त्यासाठी नेट (प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. लागते. नेटमध्ये जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये आणि घरभाडं. घराला तिच्या पगाराची लगेच गरज असेल, तर हे तिच्याशी आजच स्पष्ट बोला.

मत्स्यविज्ञानाचा रस्ता (रत्नागिरीचं शिरगाव, नागपूर, उदगीर) बारावीनंतरचा. तो आता मागे पडला. प्राणिशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा जैवविविधता यांपैकी कशातही एम.एस्सी. चालेल. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एम.एस्सी. आहे. पण कॉलेजच्या नावापेक्षा तिथं गोड्या पाण्यावर काम करणारे मार्गदर्शक आहेत का, ते बघा. नसतील तर दोन वर्षं पुस्तकातच जातील.

फोटो काढणारे पुष्कळ आहेत. कीटक कुळापर्यंत, शक्यतो त्यापुढे, ओळखणारे फार थोडे. तिनं एकच गट धरावा, चतुर-टाचण्या किंवा मेफ्लाय, आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली बसावं. अल्कोहोलच्या कुपीत ठिकाण-तारखेची चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहावी. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि नाव नसलेला नमुना फुकट. सोबत आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) शिकावं, दोन्ही मोफत आहेत. मुलाखतीत हेच विचारतात.

तुमची काळजी बिनबुडाची नाही. ओढ्यात एकटीनं उतरायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच. वर कुठं पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पायाला जखम असेल तर लेप्टोच्या (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाच्या) भीतीनं त्या दिवशी सुट्टी. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची लेखी परवानगी हवी, ती कॉलेजमार्फत मागावी.

बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, आणि कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर एम.एस्सी. लागतेच. तेव्हा आत्ता भांडण कशावरून? तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिला हाच ओढा घेऊ द्या, गावाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला. तो अहवाल तयार झाला की मला पाठवा; एम.एस्सी.ला कुठं अर्ज करायचा, ते त्यावरून ठरवू.