टामिया टीटी-०२ गाडीला ॲल्युमिनियमचे शॉक ॲब्सॉर्बर बसवावेत का, आणि त्यांत कोणते तेल भरावे?

आपली टीटी-०२ ही रिमोटवर चालणारी छोटी गाडी खडबडीत डांबरावर उड्या मारते आणि वळणावर मागून सुटते, म्हणून महागडे ॲल्युमिनियमचे शॉक घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. तेलाचे शॉक जरूर घ्यावेत, पण ॲल्युमिनियमची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे.

टीटी-०२ च्या साध्या किटमध्ये जे शॉक मिळतात त्यांत तेल नसतेच. प्लास्टिकचे भाग एकमेकांवर घासून जेवढा अडथळा होईल तेवढ्यावरच स्प्रिंगला आवर घातलेला असतो. दबलेली स्प्रिंग सुटताना साठवलेली ऊर्जा परत देते आणि ती जिरवणारे काही नसेल, तर चाक जमिनीला धरून राहत नाही. तेलाच्या शॉकमध्ये पिस्टनच्या छिद्रांतून तेल ढकलले जाताना ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते, आणि हालचाल जितकी वेगवान तितका विरोधही वाढतो. टामियाचे प्लास्टिकच्या नळीचे, तेल भरायचे ‘सीव्हीए’ नावाचे शॉक हे काम उत्तम करतात.

खरा फरक पडतो तो जोडणीत, आणि नेमकी तिथेच बहुतेकांची घाई होते. पिस्टनचा दांडा पकडीत धरताना त्यावर ओरखडा उठला, तर तो ओ-रिंगला (तेल अडवणाऱ्या लवचिक कडीला) घासत राहतो आणि तेल झिरपू लागते. म्हणून दांड्याला कापडाची घडी गुंडाळूनच तो धरावा. पिस्टन तळाशी ओढून नळी काठोकाठ भरावी, पिस्टन हळूहळू वरखाली करावा आणि बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत नळी काही मिनिटे उभी ठेवावी. मगच पिस्टन पुन्हा तळाशी नेऊन रबरी पडदा बसवावा आणि टोपण आवळावे; जादा तेल बाहेर येते, ते पुसून घ्यावे. नंतर स्प्रिंग न लावता दोन्ही शॉक एकाच वेळी दाबून पाहावेत. दाबताना चुरचुर आवाज आला किंवा एक शॉक दुसऱ्यापेक्षा सैल लागला, तर आत हवा राहिली आहे असे समजून तो पुन्हा उघडावा. डावी-उजवी जोडी एकसारखी नसेल, तर पुढचे सारे ट्यूनिंग व्यर्थ आहे.

तेल फक्त सिलिकॉनचेच वापरावे. मोटारसायकलच्या फोर्कचे खनिज तेल स्वस्तात मिळते खरे, पण त्याने सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगतात. किटसोबत आलेल्या तेलापासूनच सुरुवात करावी आणि त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तेलाचा घट्टपणा दाखवणारे वेगवेगळ्या कंपन्यांचे ‘वेट’चे आकडे जुळत नाहीत, म्हणून तुलना सेंटिस्टोक या घट्टपणाच्या एककात करावी, उदाहरणार्थ, टीम असोसिएटेड या कंपनीचे ३० वेट तेल ३५० सेंटिस्टोकचे, तर ४० वेट ५०० सेंटिस्टोकचे असते. तापल्यावर तेल पातळ होते, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यातल्या दुपारी एक पायरी घट्ट तेल वापरणे योग्य ठरते. पिस्टनची छिद्रे कमी केली की विरोध वाढतो, मात्र तो झपाट्याने वाढतो, म्हणून सूक्ष्म बदलासाठी तेलच बरे.

स्प्रिंगवरचे स्पेसर (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणाऱ्या कड्या) वाढवले की स्प्रिंग कडक होते, असा एक गैरसमज आहे. त्याने फक्त गाडीची उंची वाढते. कडकपणा हवा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते. आपली गाडी मागून सुटते, तेव्हा मागे थोडी मऊ स्प्रिंग आणि तिला साजेसे पातळ तेल घालून पाहावे, पण त्याआधी मागचे टायर गुळगुळीत झालेले नाहीत ना, याची खात्री करावी. तपासणीसाठी बॅटरी आणि बॉडीसह गाडी सुमारे १० सेंटिमीटर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडावी: ती दबून एकदाच वर यावी आणि स्थिरावावी. ती पुन्हा उसळली तर तेल पातळ आहे. फारच सावकाश वर आली तर घट्ट आहे.

ॲल्युमिनियमच्या शॉकचा खरा लाभ म्हणजे आटे असलेली कॉलर, जिने उंची मिलिमीटरच्या अंशापर्यंत जुळवता येते, आणि दांड्याची घट्ट बैठक. स्पर्धेच्या ट्रॅकवर गाडी उतरवायची असेल तर तो खर्च सार्थ आहे. सोसायटीच्या आवारातल्या डांबरासाठी तेच पैसे चांगल्या टायरांवर आणि दोन-तीन प्रकारच्या तेलांवर खर्च करावेत.