चुलीच्या धुराड्याला गॅस गिझर?

प्रश्न : गुहागरजवळ आमचं कौलारू घर आहे. चुलीचं सिमेंटचं धुराडं आता वापरात नाही. दिवाळीत गॅस गिझर बसवायचाय. त्याचा धूर यातूनच सोडला तर?

उत्तर : आधी गिझर बघा. वर धुराच्या नळीसाठी कॉलर (नळी बसवायचं गोल तोंड) नसेल तर तो धुराड्याला जोडताच येत नाही, न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेतच लावावा.

कॉलर असेल तर दारं-खिडक्या लावून धुराड्याच्या तळाशी अगरबत्त्यांचा जुडगा धरा. धूर सरळ वर जायला हवा. खालीच घुटमळला तर आत साळुंकीचं घरटं किंवा कुंभारमाशीची माती अडकलेली असू शकते. माळ्यावर धूर दिसला, तर सांधा फुटलाय. मग एक्झॉस्ट फॅन चालू करून पुन्हा पाहा. पुष्कळदा पंखाच धूर उलटा ओढतो, आणि त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला तर वासही नसतो.

जुनी सिमेंटची नळी ॲस्बेस्टॉसची असू शकते. कोरडी खरवडू नका, तिची धूळ फुफ्फुसांना घातक असते. शिवाय गॅसच्या धुरात वाफ भरपूर. रुंद, थंड नळीत तिचं पाणी होऊन ते गिझरवरच गळतं. त्यामुळे आम्ही तरी कॉलरच्या मापाची स्वतंत्र स्टेनलेस नळीच सुचवू. साधा पत्रा खाऱ्या हवेत लवकर सडतो. टोक आढ्याच्या दोन फूट वर, त्यावर टोपी.