शेवटची गाडी कुठं आहे?

दिवाळी झाली की या सदराच्या टपालाचा रंग बदलतो. पावसाळाभर गंजलेली चेन, भिजलेला प्लग, विमा संपलाय काय करू. आणि मग एकदम ‘काका, आम्ही मित्र मित्र निघतोय’. या वेळी तीच पत्रं घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी परिवहनच्या बसवर ड्रायव्हर होतो, बेळगाव, खानापूर, जांबोटी याच भागात. आता रविवारी स्वतःची मोटरसायकल काढतो. त्यामुळे माझं अर्धं बोलणं सीटवरचं असतं, अर्धं बसच्या काचेमागचं.

प्रश्न : काका, आम्ही कॉलेजचे जुने मित्र. डिसेंबरात एका दिवसात चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली, दोडामार्ग, तिलारी घाट आणि पाटणे फाट्यावरून परत, असा फेरा ठरवलाय. नऊ गाड्या आहेत : दोन बुलेट, एक केटीएम, एक पल्सर, चार स्प्लेंडर आणि एक अ‍ॅक्टिवा. अ‍ॅक्टिवावर नवरा-बायको आहेत. गेल्या वर्षी साखळीत चुकामूक झाली, तिघं पणजीच्या रस्त्याला लागले आणि दिवसभर फोनाफोनी आणि भांडणं. या वर्षी काय करावं?
— ऋ. पा., शहापूर, बेळगाव

उत्तर : फेरा झकास निवडलाय. एका दिवसात कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र आणि पुन्हा घरी, हे सुख आपल्या बेळगावकरांनाच. दिशाही बरोबर धरली आहे, ती कुणाच्या सांगण्यावरून उलटी करू नका. तिलारी घाट फार उभा आहे. तो चढायचा असतो, डबलसीट स्कूटरनं उतरायचा नसतो. गिअरच्या गाडीला खालच्या गिअरमध्ये इंजिन धरून ठेवतं. स्कूटरला तो आधार फार थोडा, सगळा भार ब्रेकवर. चोर्ला त्या मानानं सैल आहे, तो उतरायला ठीक.

आता चुकामुकीचं. तुमचे तिघं पणजीकडे गेले ते रस्ता माहीत नव्हता म्हणून नव्हे. पुढचे दिसेनासे झाले म्हणून त्यांनी पळवली, आणि पळवणारा माणूस पाटी वाचत नाही. बस चालवताना हे मी समोरून बघत आलोय. वळणावर सात-आठ गाड्या शिस्तीत जातात. मग मिनिटभरानं एकटाच एक येतो, मान खाली, पांढरी रेघ ओलांडून, अर्धा माझ्या बाजूला. तो शर्यत लावणारा पोरगा नसतो. बहुतेक वेळा टोळीतला सगळ्यात साधा, स्प्लेंडरवाला असतो. मागं राहिलो, आता हसतील, एवढंच त्याच्या डोक्यात. ही भीती काढली की निम्मं काम झालं.

ती काढायची रीत सांगतो. सगळ्यांत पुढं कोण आणि सगळ्यांत मागं कोण, ही दोन माणसं दिवसभर बदलायची नाहीत. मागचा माणूस नीट निवडा : गाडीचं थोडंफार काम येणारा आणि डोक्यानं थंड. आपल्याकडे नवख्याला मागं ठेवतात, ते साफ चूक. अ‍ॅक्टिवा कायम दोन नंबरला, म्हणजे म्होरक्याला तिच्या वेगानं जावंच लागतं. आता जिथं रस्ता फुटतो तिथं म्होरक्यानं तीन नंबरच्या गाडीला हातानं दाखवायचं, ‘तू इथं’. त्यानं सुरक्षित जागी, दिसेल असं कडेला उभं राहायचं आणि येईल त्याला रस्ता दाखवायचा. सगळ्यांत मागची गाडी दिसली की तिच्या पुढं शिरायचं. पुढच्या फाट्यावर आता जो तीन नंबरला असेल तो उभा राहील. झालं. कुणाला कुणाच्या मागं पळायचं कारणच उरत नाही, कारण फाट्यावर माणूस उभा आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. उभा राहिलेल्यानं मात्र जागा सोडायची नाही, समोर चहाची गाडी असली तरी.

तुमच्या फेऱ्यातले फाटे आधीच लिहून काढा. पहिला पिरनवाडीतच, कारण सवयीनं गाडी सरळ खानापूरकडे जाते. मग जांबोटी, मग घाट उतरल्यावर केरी, मग साखळी आणि डिचोली. साखळीत गावातल्या गर्दीत एकाऐवजी दोघं उभे करा.

नऊ गाड्या एका रांगेत नेऊ नका. हिशेब बघा. ताशी पन्नासच्या वेगाला दोन सेकंदांचं अंतर म्हणजे अठ्ठावीस मीटर. नऊ गाड्यांत अशी आठ अंतरं, म्हणजे सव्वादोनशे मीटर लांब रांग. जांबोटीच्या रस्त्यावर मागून येणाऱ्या बसनं ही रांग ओलांडायची कशी? ती मध्येच घुसते आणि रांग तुटते. चार आणि पाच अशा दोन टोळ्या करा, दहा मिनिटांच्या फरकानं, दोन्हींना स्वतंत्र म्होरक्या आणि स्वतंत्र शेवटचा. ‘मग एकत्र कसले?’ असं कुणीतरी म्हणणारच. एकत्र चहाला.

आणि ते दोन सेकंद कमी करू नका, तुमच्या गाड्यांच्या खिचडीत तर मुळीच नाही. एप्रिल 2019 पासून नियम असा आला की सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारा ब्रेक, आणि खालच्यांना दोन्ही चाकं एकदम धरणारा ब्रेक. त्या आधीच्या जुन्या स्प्लेंडरला साधे ड्रम. केटीएमवाला गुरं आडवी आली म्हणून जागच्या जागी थांबतो. मागचा स्प्लेंडरवाला थांबेपर्यंत त्याच्या नंबरप्लेटवर असतो. म्हणून केटीएमच्या मागं बुलेट किंवा पल्सर ठेवा, ड्रमवाली नको. सरळ रस्त्याला एक डावीकडे, एक उजवीकडे अशी तिरकी रांग चालते. घाटात आणि अरुंद रस्त्यात एकामागं एक, आणि अंतर वाढवून.

वेळ : फेरा पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. घाट, गावं, खड्डे धरून टोळीचा सरासरी वेग ताशी तीस पकडा, चाळीस नव्हे. म्हणजे सहा तास नुसते गाडीवर, वर तीन तास थांबे. सकाळी साडेसहाला निघालात तर साडेतीन-चारला घर. डिसेंबरात सहाला अंधारतं, आणि पाटणे फाटा ते शिनोळी या टापूत त्या वेळी उसाचे ट्रॅक्टर असतात. दोन तास हातात ठेवले ते पंक्चरसाठी आणि तुमच्यातल्या फोटोवाल्यांसाठी. कणकुंबीत मात्र जरा सैल थांबा. मलप्रभेचा उगम तिथं माउलीच्या देवळापाशी आहे. पुढं सौंदत्ती-रामदुर्गकडचा मुलूख भिजवणारी नदी एवढ्याशा कुंडातून निघते हे बघण्यासारखं आहे.

पेट्रोल सगळ्यांत लहान टाकीवर ठरवायचं. अ‍ॅक्टिवाची टाकी सव्वापाच लिटरची. डबलसीट, घाट, चाळीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तर दोनशे किलोमीटर. कागदावर पुरतं, पण कागदावर विसंबू नका. बेळगावातून फुल करून निघा आणि साखळी-डिचोलीत सगळेच पुन्हा भरा. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्तच पडतं. चोर्ला उतरताना अ‍ॅक्टिवावाल्यानं ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. दोन्ही ब्रेक मिळून दाबा, वेग पाडा, सोडा, पुन्हा दाबा. जळका वास आला किंवा लिव्हर पोकळ लागला तर कडेला घेऊन गार होऊ द्या. आणि स्प्लेंडरवाल्यांपैकी कुणी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवत असेल तर त्याला पिरनवाडीतूनच परत पाठवा. भेडशीच्या पुढं तिलारी घाटाचा चढ लागायच्या आधी वहिनींना बुलेटवर बसवा. नवरोबा एकटा स्कूटरवर आरामात चढेल, तिलारीनगरला पुन्हा जोडी जमवा.

सामानात एक गोष्ट लोक विसरतात. ट्यूबलेसचं पंक्चर किट ट्यूबच्या टायरला काही कामाचं नाही. चारही स्प्लेंडर आणि बुलेट बघून घ्या, ज्यांना ट्यूब आहे त्या मापाची एकेक ट्यूब आणि हवेचा पंप हवाच. क्लच केबल, एक प्लग, इन्सुलेशन टेप. हे सगळं शेवटच्या गाडीवर. पुढच्याकडे ठेवलंत तर तो दहा किलोमीटर पुढं आणि बंद पडलेली गाडी मागं.

प्रश्न : काका, मुलगा वीस वर्षांचा आहे. मित्रांच्या टोळीत चोर्ला-तिलारीला निघालाय, तेही दुसऱ्याच्या गाडीवर डबलसीट. नको म्हणावं तर तोंड पाडतो. जाऊ देऊ का?
— एक आई, हिंडलगा

उत्तर : ताई, जाऊ द्या. पण त्याला एवढं विचारा : शेवटची गाडी कुणाची आहे? लगेच नाव सांगितलं तर टोळीत कुणीतरी शहाणं आहे. ‘ते बघू की’ म्हणाला तर त्या मित्रालाच घरी चहाला बोलवा आणि समोर बसवून विचारा.

हेल्मेट मागं बसणाऱ्यालाही कायद्यानं लागतं आणि डोकं दोघांचं सारखंच फुटतं. आयएसआयचा शिक्का असलेलं, हनुवटीपर्यंत येणारं, पट्टा लावलेलं. घरातलं कुणाचं तरी सैल हेल्मेट देऊ नका. पट्टा लावून मान हलवली की ते फिरता कामा नये.

आता तुमच्याकडून एक मागतो. दर अर्ध्या तासानं फोन करू नका. घाटात रेंज नसते, फोन लागत नाही आणि तुमचा जीव उगाच टांगणीला. रेंज आली की खिशात फोन थरथरतो आणि पोरगं चालत्या गाडीवर एका हातानं तो काढतं. त्यापेक्षा ठरवून घ्या : डिचोलीला एक मेसेज, पाटणे फाट्यावर एक मेसेज. अधेमधे काही नाही. 112 आणि 108 हे नंबर तिन्ही राज्यांत चालतात, ते त्याला आणि चालवणाऱ्याला दोघांना पाठ हवेत.

प्रश्न : आम्ही चौघे, सगळे पन्नाशीच्या पुढचे. निपाणीहून संकेश्वर, हुक्केरी, घटप्रभा करत गोकाकचा धबधबा बघून रात्रीपर्यंत परत यायचा विचार आहे. डिसेंबर चालेल का?
— द. कु., निपाणी

उत्तर : डिसेंबरात पाणी बघायला जात असाल तर नको. बावन्न मीटरचा तो कडा तेव्हा बराचसा कोरडा असतो. घटप्रभेचा खरा अवतार पावसाळ्यात. पण महालिंगेश्वराचं चालुक्यांच्या काळातलं देऊळ, शेजारची जुनी सूतगिरणी, वाटेत हिडकल धरण आणि परतीच्या पिशवीत तिथली करदंट मिठाई, एवढ्यासाठी जायचं असेल तर जरूर जा.

‘रात्रीपर्यंत’ हा शब्द मात्र खोडा. हा सगळा गाळपाच्या हंगामातला उसाचा मुलूख. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि उसाची टोकं दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. समोरून गाडीचा उजेड डोळ्यावर आला की ती ट्रॉली दिसतच नाही. बसच्या उंच सीटवरून मला दिसायची नाही, तर तुम्हाला काय दिसणार? दिवसासुद्धा शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर चढतो तिथं ओला चिखल आणि पाचट पडलेलं असतं, तिथं वळताना ब्रेक दाबू नका. ट्रॉली ओलांडायची तर आधी दोन्ही ट्रॉल्या मोजा, मगच बाहेर निघा. चौघांपैकी एक ओलांडून गेला म्हणून बाकीच्यांनी निघायचं नाही. त्याच्यासाठी रस्ता मोकळा होता, तुमच्यासाठी असेलच असं नाही. पुढं गेलेला थांबेल. उन्हं असताना निपाणीत पोचा.

प्रश्न : गोव्यातून येताना दोन-चार बाटल्या आणल्या तर चालतात का?
— नाव नको, खानापूर

उत्तर : नाव का नको ते कळलं. कणकुंबीला अबकारी खात्याचा नाका आहे आणि महाराष्ट्राच्या बाजूलाही तपासणी होते. एकाच्या डिकीत सापडलं की आठ जण रस्त्यात उन्हात उभे. आणू नका, आणि दिवस संपेपर्यंत तिथं घेऊही नका. गाडीची कागदपत्रं तेवढी डिजिलॉकरमध्ये आदल्या रात्री उघडून बघून ठेवा.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर सहलीला वीस जण ‘हो’ म्हणतात, अंगठे दाखवतात आणि सकाळी पाच-सहा उगवतात. उरलेल्यांसाठी ताटकळत ऊन होतं. उपाय?
— स. म., येळ्ळूर

उत्तर : अंगठे मोजू नका, पैसे मोजा. आठवडाभर आधी माणशी दोनशे रुपये वर्गणी, गणपतीला काढतो तशीच, वहीवर नाव घालून. पेट्रोल ज्याचं त्याचं. वर्गणीतून चहा-नाष्टा आणि कुणाचीही गाडी पंक्चर झाली तर तो खर्च. ज्यानं दिले तो येणार, बाकीचे नाहीत, आणि टोळ्या त्या वहीवरून पाडा. निघायची वेळ साडेसहा असेल तर सहा वाजता जमायचं ठरवा : हवा, चेन, दिवे बघायला अर्धा तास लागतोच. साडेसहाला गाड्या सुरू. उशीर करणाऱ्याला जांबोटीचा चहाचा थांबा सांगून ठेवा, त्यानं निवांत, एकट्यानं यावं, गाठायला पळू नये. पैसे देऊन न आलेला दुसऱ्या दिवशी दोनशे परत मागायला येतो. देऊ नका, पुढच्या वेळच्या नाष्ट्यात घाला.