विचारा बिनधास्त: लंडनच्या घरगुती बी अँड बीमधे राहायचंय

गेल्या अंकात परदेशात स्वस्तात कुठे राहायचं यावर लिहिलं होतं, त्यात लंडनच्या छोट्या, घरच्याच लोकांनी चालवलेल्या बी अँड बीचा (बेड अँड ब्रेकफास्ट, म्हणजे खोली आणि सोबत सकाळचा नाश्ता) उल्लेख दोन ओळींत उरकला होता, त्यावर एवढी पत्रं आलीत की हे पूर्ण पान त्यालाच दिलंय.

मुलीचा पदवीदान समारंभ जुलैमधे लंडनला आहे. तिच्या होस्टेलच्या खोलीत आम्हा दोघांना राहता येणार नाही आणि हॉटेलचे रेट बघून छाती दडपते. बी अँड बी चालेल का? हिचे गुडघे दुखतात. (एक वाचक, नाशिक)

चालेल, पण गुडघ्यांचं आधी बघा, बाकी सगळं नंतर. ही घरं म्हणजे बहुतेक जुने, अरुंद, एकाला एक चिकटून असलेले चार-चार मजल्यांचे वाडेच समजा. किंग्ज क्रॉसजवळचा आर्गाइल स्क्वेअर, ब्लूम्सबरीतली गावर स्ट्रीट, व्हिक्टोरियाजवळची एबरी स्ट्रीट, पॅडिंग्टनचे ससेक्स गार्डन्स, या भागांत अशी बी अँड बी आणि छोटी हॉटेलं ओळीनं दिसतात. त्यातल्या पुष्कळ इमारती वारसा यादीत आहेत, मालकाच्या मनात आलं म्हणून लिफ्ट बसवता येत नाही. जिना अरुंद, चढ उभा, आणि वर पंचवीस किलोची बॅग! शिवाय नाश्त्याची खोली बऱ्याचदा तळघरात असते, म्हणजे ग्राउंड फ्लोअरची रूम मिळाली तरी रोज सकाळी चहासाठी खाली उतरायचं आणि परत वर यायचं, हे कुणी आधी सांगत नाही.

म्हणून बुकिंगच्या आधी सरळ ईमेल टाका: रूम कितव्या मजल्यावर, पायऱ्या किती, नाश्ता कुठे, आणि गुडघ्यांमुळे वर आणून देता येईल का. घरचीच माणसं असतात, बरेचदा हो म्हणतात. पण हे आल्यावर काउंटरवर सांगितलं तर काही होणार नाही, कारण बदलून द्यायला दुसरी रूमच नसते, सहा-आठ खोल्यांचा तर सगळा कारभार.

हीथ्रो विमानतळाहून येताना मेट्रोची पिकॅडिली लाइन धरली तर अर्ल्स कोर्ट आणि किंग्ज क्रॉस दोन्हीकडे गाडी न बदलता जाता येतं आणि दोन्ही स्टेशनांत लिफ्ट आहे. पॅडिंग्टनला एलिझाबेथ लाइन आहे, 2022 मधे सुरू झाली, पिकॅडिलीपेक्षा फास्ट आणि ऐसपैस, तिकीट मात्र जास्त. ब्लूम्सबरीला रसेल स्क्वेअर स्टेशन नकाशावर जवळ दिसतं, तिथे लिफ्ट आहे पण पूर्ण विनापायऱ्यांचा रस्ता नाही, तेव्हा तुम्ही किंग्ज क्रॉसलाच उतरा आणि तिथून टॅक्सी करा, तेवढा खर्च गुडघ्यांसाठी करायलाच हवा.

आणि जुलै आहे म्हणून अजून एक, एसी बहुतेक ठिकाणी नसतो. 2022 च्या जुलैत इंग्लंडात पारा पहिल्यांदाच 40 च्या वर गेला होता, तेव्हा या वरच्या मजल्यांवरच्या खोल्यांत काय झालं असेल विचार करा! टेबल फॅन देता का, हेही त्याच ईमेलमधे विचारून घ्या.

आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाही. मग त्या ब्रेकफास्टचे पैसे वायाच ना? रूमवर इंडक्शन नेऊन खिचडी केली तर? (एक वाचक, कोल्हापूर)

इंडक्शन घरीच ठेवा. खोलीतल्या स्मोक अलार्मला फोडणी कळत नाही, त्याला फक्त धूर कळतो, तो वाजला की अख्खं घर रस्त्यावर येऊन उभं राहतं आणि तुम्ही त्यांच्यात नाइटड्रेसमधे. शिवाय जवळपास सगळीकडे रूममधे स्वयंपाकाला मनाईच असते. किटली मात्र बहुतेक खोल्यांत असते, सोबत चहाच्या पिशव्या आणि दुधाच्या चिमुकल्या डब्या. गरम पाणी ओतून होणारा उपमा, पोहे, मेथीचे ठेपले, लाडू, एवढ्यावर भागतं. (फक्त घरचे दूध-तुपाचे पदार्थ नेण्याआधी तिकडचे कस्टम्सचे नियम बघून घ्या, बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणण्यावर बंधनं आहेत.)

नाश्ता वायाही नाही जात. फुल इंग्लिश म्हणजे बेकन, सॉसेज, अंडी, त्यात कधी ब्लॅक पुडिंग, जे डुकराच्या रक्ताचं असतं, नावावरून फसू नका. ते सगळं वगळलं तरी बेक्ड बीन्स, मशरूम, भाजलेला टोमॅटो, बटाट्याचे हॅश ब्राउन, टोस्ट, मार्मलेड, कॉर्नफ्लेक्स, फळं, ज्यूस उरतं की! पोटभर होतं. खरी अडचण तव्याची आहे. स्वयंपाकघर छोटं, सकाळी एकच माणूस सगळ्यांचं करणार, मशरूम बेकनच्याच पॅनमधे परतले जाऊ शकतात. आदल्या संध्याकाळी सांगा की मांस नको, अंडं नको, आणि पॅन वेगळा हवा. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर प्लेटमधे दोन अंडी हमखास येणार, कारण त्यांच्या हिशोबात अंडं शाकाहारीच. आणि वेळ पाळा, साडेसात ते नऊ लिहिलं असेल तर नऊ वाजून दहा मिनिटांनी गॅस बंद झालेला असतो, तीच बाई मग चादरी बदलायला वर गेलेली असते.

दुपारी-रात्री जेवायला यूस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीट आहे, डोसा, भेळ, थाळी सगळं मिळतं. गावर स्ट्रीटवर राहत असाल तर चालत जाल.

बाथरूमबद्दल जरा स्पष्ट लिहाल का? कुणी लिहीतच नाही. (एक वाचक, डोंबिवली)

लिहितो. बादली नाही, मग नाही, जेट स्प्रे नाही. प्लॅस्टिकचा मग बॅगेत टाका, लाजू नका. पण नीट ऐका, तिकडच्या बाथरूमच्या जमिनीला बहुतेक जाळीच नसते! आपल्यासारखं बाहेर उभं राहून भसाभस पाणी ओतलं तर ते मुरत मुरत खालच्या खोलीच्या छतातून ठिबकणार, आणि बिल तुमच्या हातात. पाणी काय ते शॉवरच्या पेटीत किंवा टबातच. बाहेर कार्पेट असू शकतं, पाय पुसून निघा. जुन्या घरांत गार आणि गरम पाण्याचे नळ वेगवेगळे, एक बर्फ एक चटका. शेअर्ड बाथरूमची रूम स्वस्त पडते, ती वाईट नसते, पण रात्री उठावं लागत असेल तर चार पैसे जास्त देऊन ऑन-स्वीट, म्हणजे खोलीलाच जोडलेल्या बाथरूमची रूम घ्या.

भाचा लंडनलाच नोकरीला आहे, तो भेटायला आला तर मालकीणबाईंनी त्याला वर खोलीत येऊ दिलं नाही. आम्हाला फार अपमान वाटला. (एक वाचक, सातारा)

वाटणं साहजिक आहे, आपल्याकडे आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत. पण बाईंचं चुकलं असं मला नाही वाटत. 16 किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक मुक्कामी पाहुण्याचं नाव आणि नागरिकत्व त्यांना कायद्यानं नोंदवून ठेवावं लागतं. आग लागली तर घरात कोण कोण आहे हे त्यांना माहीत असायला हवं. आणि एक भाचा म्हणता म्हणता रात्री गादी टाकून झोपणारे भाचेही त्यांनी पाहिले असतील! पुढच्या वेळी खाली लाउंजमधे बसू का असं आधी विचारा, त्याला बहुधा ना नसते, चहाही मिळेल.

मालक म्हणतो सगळे पैसे आधी बँकेत पाठवा. पाठवू का? (एक वाचक, पुणे)

सगळे नको. एका रात्रीचं डिपॉझिट मागणं रास्त आहे, लहान धंद्यात एक रूम रिकामी राहिली तरी खड्डा पडतो. पण ते कार्डानं द्या, म्हणजे काही वांधा झाला तर बँकेकडे दाद मागता येते. फक्त बँक ट्रान्सफरच पाहिजे, तेही आजच, असा धोशा असेल तर सोडून द्या. लँडलाइनवर फोन करून बघा, पत्ता नकाशावर रस्त्याच्या फोटोसकट बघा, दारावर पाटी आहे का. व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द होणारं बुकिंगच करा.

अजून एक, बी अँड बीच्या नावाखाली कुणी अख्खा फ्लॅट देत असेल तर तो वेगळा प्रकार आहे. लंडनमधे राहतं घर असं थोड्या दिवसांसाठी भाड्यानं द्यायला खास परवानगी नसेल तर वर्षाला 90 रात्रींची मर्यादा आहे. तिथे ना नाश्ता, ना किल्ली अडकली तर दार उघडायला कुणी.

मुंबईची फ्लाइट सकाळी सातला उतरते, रूम दुपारी दोनला. मधे काय करायचं? (एक वाचक, ठाणे)

इमिग्रेशन, बॅगा आणि ट्रेन यातच दहा वाजतील. तोवर नाश्त्याची गडबड संपलेली असते, बॅगा ठेवून घेतात, फक्त तुम्ही कधी पोचणार ते आधी कळवा, कारण चोवीस तासांचं रिसेप्शन नसतं आणि मालक मंडईत गेला असेल तर तुम्ही पायरीवर बसून राहाल. नाहीच जमलं तर किंग्ज क्रॉस, यूस्टन, पॅडिंग्टन, व्हिक्टोरिया या स्टेशनांत पैसे देऊन सामान ठेवायची सोय आहे. परतीच्या दिवशीही दहा-अकराला रूम सोडावी लागते आणि फ्लाइट रात्रीची असते, तेव्हा बॅगांचं तेच, आदल्या रात्रीच विचारून ठेवा.