बर्फामुळे बुडालेले शाळेचे दिवस जूनमध्ये भरून काढावेत का?

माझ्या मते नको, निदान आत्ता करतात तसे तरी नकोच. आम्ही बॉस्टनजवळ राहतो, मोठी हायस्कूलला आणि धाकटा चौथीत, त्यामुळे दर हिवाळ्यात हा विषय घरात असतोच. मॅसॅच्युसेट्समध्ये शाळा १८० दिवस भरायलाच हवी, म्हणून डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या त्या भागातल्या शाळा चालवणारी मंडळं, १८५ दिवसांचं कॅलेंडर काढतात, स्नो डे, म्हणजे बर्फामुळे शाळा बंद असे दिवस, झाले नाहीत तर मुलं लवकर सुटतात आणि झाले तर जूनच्या शेवटापर्यंत शाळा.

आता बुडतं काय आणि भरून निघतं काय ते बघा. एपीच्या, म्हणजे हायस्कूलमध्ये घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षा देशभर मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत असतात, इथे बर्फ पडला म्हणून कोणी तारखा पुढे ढकलत नाही. फेब्रुवारीत मोठीचे कॅल्क्युलसचे चार तास गेले तर ते तिला एप्रिल संपायच्या आत हवेत, २४ जूनला मिळून काय करायचंय? तोवर पुस्तकं परत गेलेली असतात, ग्रेड देऊन झालेले असतात, वर्गात सिनेमा लावतात. धाकट्याची शाळा जुन्या बिल्डिंगमध्ये, एसी नाही, वरच्या मजल्यावर पोरं घामाने निथळतात. शिक्षकांना मी दोष देत नाही, त्यांच्या तरी हातात काय आहे.

२०१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनला ११०.६ इंच बर्फ पडला, म्हणजे नऊ फुटांच्या वर, शहरातल्या सीपोर्ट भागात नेऊन टाकलेला बर्फाचा ढीग १४ जुलैला वितळला! असं वर्ष आलं तर भरून काढावंच लागणार, मान्य. पण मग मार्च-एप्रिलमध्येच रोज २० मिनिटं वाढवा ना, १८ दिवसांत सहा तास, म्हणजे एक अख्खा दिवस निघतो. बसच्या वेळा बदलाव्या लागतील, पण ते जमण्यासारखं आहे. ओहायोने २०१४-१५ पासून दिवस मोजणं सोडून तास मोजायला घेतले, सहावीपर्यंत ९१० आणि पुढे १००१. आमच्याकडेही तासांचा नियम आहे, एलिमेंटरीला ९०० आणि वर ९९०, पण त्याच्या जोडीला १८० दिवसांचा हट्ट आहेच.

आणि भारतात जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. तिकिटं जानेवारीत काढावी लागतात आणि शाळेचा शेवटचा दिवस मार्चपर्यंत सरकत राहतो. मागे आम्ही शेवटचे तीन दिवस बुडवून पुण्याला गेलो, तरी पोचेपर्यंत दिरांच्या मुलांची शाळा सुरू झालेली. ती संध्याकाळी दमून घरी यायची, आणि माझी दोघं दुपारपासून गेटपाशी त्यांची वाट बघत बसलेली असायची.