एपला वानर म्हणावं की कपी? आणि 'माकडापासून माणूस' चालेल का?

प्रश्न असा आला आहे: मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी 'एप' (इंग्रजी ape, म्हणजे गोरिला, चिंपांझी वगैरे) या शब्दाला मराठी शब्द हवा आहे. एका पुस्तकात 'वानर' दिसतं, दुसऱ्यात 'कपी', तिसऱ्यात 'मानवसदृश माकड', तर कुठे सरळ 'एप'. शिवाय 'माणूस माकडापासून झाला' हे वाक्य चुकीचं आहे असं शिक्षक म्हणाले, ते का?

आधी पहिल्याचं. माझं मत कपी. वानर तर नकोच.

कारण मराठीत वानर हे एका ठरावीक प्राण्याचं नाव आहे. काळं तोंड, राखाडी अंग, लांबलचक शेपूट, कळपात एखादा दांडगा हुप्प्या. माकड वेगळं: तपकिरी अंगाचं, तांबूस तोंडाचं. कोकणात त्यालाच केल्डं म्हणतात. बागायतदाराला विचारा, नारळ माकडांनी पाडले की वानरांनी, तो अचूक सांगेल. हा फरक नुसता रंगाचा नाही. महाबळेश्वरला हातातलं कणीस पळवून दाणे गालात कोंबणारं असतं ते माकड, त्याच्या गालांना आतून पिशव्या असतात. वानराला त्या नसतात. त्याचा मुख्य आहार झाडपाला, आणि तो पचवायला पोटात वेगवेगळे कप्पे. प्राणिशास्त्रात हे दोघं एकाच कुळाच्या दोन वेगळ्या उपकुळांत बसतात. इंग्रजी दोघांनाही 'मंकी' म्हणून मोकळी होते. आपल्याकडे शेतावरचा गडीसुद्धा ते वेगळे ओळखतो.

मग वानराची पहिली खूण काय, तर शेपूट. मारुतीच्या शेपटीनं अख्खी लंका पेटली. आणि एपची पहिली खूण काय, तर शेपूट नसणं. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो, यांतल्या एकालाही शेपूट नाही. तेव्हा 'बिनशेपटीचं वानर' असं लिहायचं म्हणजे शब्दाच्या अर्थातला मुख्य भागच आधी काढून टाकायचा.

मराठीत एपला घरचा शब्द नाही याचं कारण साधं आहे, आपल्या रानात तो प्राणीच नाही. अख्ख्या भारतात एकच, हूलॉक गिबन, आणि तोही ईशान्येकडे. आसामात जोरहाट जिल्ह्यात त्याच्यासाठी अभयारण्य राखलं आहे. सह्याद्रीत जे दिसलं नाही त्याला सह्याद्रीतल्या भाषेनं नाव द्यावं कसं?

राहिला कपी. संस्कृतात त्याचा अर्थ कुठलंही माकड, हे मान्य. अर्जुन कपिध्वज, कारण त्याच्या ध्वजावर मारुती, म्हणजे तिथेही शेपूट आलीच. पण आजच्या बोलीत 'कौलांवर कपी आला' असं कुणी म्हणत नाही. शब्द ओळखीचा आहे, मात्र कुठल्याही जित्या प्राण्याला चिकटलेला नाही. पारिभाषिक अर्थ चढवायला असाच शब्द बरा. प्रकल्पात लिहिताना एवढं सांभाळा: सुटा शब्द 'कपी' दीर्घ, समासात 'कपिकुल' ऱ्हस्व. मर्कट मात्र चेष्टांपुरतं आणि मद्य प्यायलेल्या म्हणीपुरतं राहू द्या. माकड, वानर, कपी, माणूस या सगळ्यांना मिळून, म्हणजे 'प्रायमेट्स'ना, विश्वकोशानं 'नर-वानर गण' म्हटलं आहे. तिथला वानर गणाचं नाव म्हणून खपतो, कारण सोबत नर आहे.

वनमानुष हा शब्दही कुणी सुचवेल. तो ओरांगउटानसाठी चपखल आहे, मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे वन. पण गोरिलापासून गिबनपर्यंत सगळ्यांना वनमानुष म्हणू नये.

ग्रीकांनाही ही अडचण होती. 'पिथेकॉस' हा माकड-कपींसाठी त्यांचा शब्द. शेपूट असलेल्या पिथेकॉसला वेगळं नाव आहे, असं ॲरिस्टॉटलनं नोंदवलं आहे. तोच पिथेकॉस आज जीवाश्मांच्या नावांत बसला आहे. दक्षिण आफ्रिकेत टाउंग इथे सापडलेल्या बालकाच्या कवटीला रेमंड डार्टनं 1925 साली ऑस्ट्रेलोपिथेकस नाव दिलं, म्हणजे दक्षिणेकडचा कपी. आणि आपल्याकडचा रामापिथेकस म्हणजे रामाचा कपी! 1930च्या दशकात जी. एडवर्ड लुईस याला हिमाचलात हरितल्यांगर इथे शिवालिकच्या थरांत जबड्याचा तुकडा मिळाला, त्याचं हे नाव. याच पठ्ठ्यानं आणखी एका जीवाश्माला सुग्रीवपिथेकस म्हटलं, म्हणजे नावं ठेवताना रामायण हाताशी होतं. 1960च्या दशकात रामापिथेकस माणसाचा थेट पूर्वज म्हणून गाजला. 1967 साली सॅरिच आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी रक्तातल्या प्रथिनांवरून हिशेब मांडला की माणूस आणि आफ्रिकी कपी यांची फारकत जेमतेम 50 लाख वर्षांपूर्वीची. तसं असेल तर त्याहून कितीतरी जुना रामापिथेकस मानवाच्या शाखेत बसेना. पुढे पाकिस्तानात पोटवार पठारावर मिळालेला, त्याच्याच जवळच्या शिवापिथेकस या जीवाश्म-कपीचा चेहरा 1982 साली प्रसिद्ध झाला आणि या मंडळींचं नातं ओरांगउटानशी निघालं. आता रामापिथेकस हे नाव शिवापिथेकसमध्ये विलीन झालं आहे. एखाद्या जुन्या गाइडात तो माणसाचा पूर्वज म्हणून दिसला तर प्रकल्पात उतरवू नका.

आता 'माणूस माकडापासून झाला'. यात माकडापेक्षा 'पासून' जास्त घोळ घालतो. दुधापासून दही होतं, आणि दही झालं की दूध उरत नाही. हाच 'पासून' इथे लावला की पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग माकडं अजून शिल्लक कशी? 2018च्या जानेवारीत तेव्हाच्या औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी म्हटलं होतं की एपचा माणूस होताना कुणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी सांगितलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींना त्यावर संयुक्त निवेदन काढावं लागलं. त्या बोलण्यामागेही हेच दुधाचं दही आहे: एक प्राणी डोळ्यांदेखत दुसरा होतो, ही समजूत.

खरं नातं चुलत्यांचं आहे. चिंपांझी आणि आपण एका पूर्वजाचे वंशज, फाटे फुटले ते साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी. तो पूर्वज आजचा चिंपांझी नव्हता. माकडं आणि कपी यांची वाट त्याच्याही खूप आधी, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली.

पण शिक्षकांशी मी पूर्ण सहमत नाही. त्या फाट्याच्याही मागे गेलं तर इजिप्तमधल्या फायुमचा इजिप्टोपिथेकस भेटतो, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचा. तो आज झाडावर दिसला तर तुम्ही-आम्ही त्याला बेधडक माकडच म्हणू. म्हणजे आपले फार जुने पूर्वज माकडासारखे होते हे खरंच आहे. ते आजची माकडं नव्हेत, एवढीच दुरुस्ती. उलट 'माणूस कपीपासून झाला' हे जास्त खटकतं, कारण वर्गीकरणात माणूस कपीच आहे. गाय सस्तन प्राण्यापासून झाली असं आपण कुठे म्हणतो?

याची खूण आपल्याच अंगात आहे. पाठीच्या कण्याच्या टोकाला तीन ते पाच मणके जुळून झालेलं हाड, तेच माकडहाड. शेपटीचा उरलेला बुडखा! केनियात रुसिंगा बेटावर मिळालेल्या, पावणेदोन कोटी वर्षांहून जुन्या सांगाड्यांवरून दिसतं की तिथल्या कपींची शेपूट तेव्हाच गेली होती. 2024 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात संशोधकांनी दाखवलं की टीबीएक्सटी नावाच्या जनुकात घुसलेला डीएनएचा एक छोटा तुकडा सगळ्या कपींत आहे, माणसातही, आणि माकडांत नाही. शेपूट जाण्यामागे त्याचा हात असावा. तसाच बदल उंदरांत केला तर काही उंदीर बिनशेपटीचे जन्मले. नाव माकडहाड असलं तरी ते आपलं कपीपणच सांगतं.

प्रकल्पात असं लिहा: 'माणूस आणि चिंपांझी हे एकाच पूर्वजाचे वंशज असून दोघेही कपी आहेत.'

जाता जाता 'उत्क्रांती'बद्दल. या शब्दाला टिळकांचा आक्षेप होता, गीतारहस्यात तो नोंदवलेला आहे. संस्कृतात उत्क्रांती म्हणजे प्राण निघून जाणं, मृत्यू. म्हणून त्यांनी गुणविकास, गुणोत्कर्ष, गुणपरिणाम असे सांख्य तत्त्वज्ञानाच्या धाटणीचे शब्द सुचवले. व्युत्पत्तीचा मुद्दा बिनतोड होता, पण लोकांनी उत्क्रांतीच उचलली, आणि आज ती ऐकून कुणाला मरण आठवत नाही. गुणोत्कर्ष रुळला नाही हे मला तर बरंच वाटतं. शेपूट गळून पडण्यात उत्कर्ष कुणाचा? त्या तिघांतला गुणपरिणाम मात्र चालला असता.